जीपच्या सांध्यांचे वंगण

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि थोरामोठ्यांचे शुभसंदेश असावेत हे योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीला जीपगाडीच्या वंगणाविषयीचा लेख बसलेला पाहून कित्येक वाचक बंधुभगिनींना नवल वाटेल. परंतु मंचेरियलच्या आपल्या मंडळींपैकी काहींच्या घरी जुन्या जीपगाड्या अजून आहेत. कोणाची शेतावर आहे, कोणाची ठेकेदारीच्या कामावर. आतल्या खेड्यांत औषधे न्यावयाची असली, पावसाळ्यात एखाद्या वस्तीवरून रोगी आणावयाचा असला, म्हणजे आठवण होते ती याच गाड्यांची. अशा वेळी गाडी ओढ्याच्या मध्यभागी थांबली तर काय होते हे येथे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. इंजिनाची निगा सर्वच ठेवतात, कारण ते झाकण उघडताच डोळ्यांपुढे असते. गाडीच्या पोटाखालचे सांधे मात्र कोणी पाहत नाही. त्या सांध्यांविषयी आम्हांस थोडे सांगावयाचे आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना वंगणाचे महत्त्व सांगावे लागत नव्हते. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत, आणि या साऱ्या मुलखाचे दळणवळण बैलगाडीवर चाले. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. लांबच्या बाजाराला निघावयाचे तर चाक सरकवून आसाला वंगण चोपडल्याखेरीज गाडीवान बैल जुंपीत नसे. आपले तेलुगू शेजारी यालाच कंदेन म्हणतात. आस कोरडा पडला की चाक कुरकुरू लागे, बैल दमू लागत, आणि गाडीवान उतरून नळी सोडी. मोटारीत ही सोय राहिली नाही. इंजिनाचे बळ इतके मोठे की कोरडा सांधा कितीही कुरकुरला तरी ते त्याला ओढीत नेते, आणि त्याची तक्रार आवाजात बुडून जाते. तक्रार ऐकू येईपर्यंत सांधा बहुधा गेलेला असतो.

जीप ही मूळची लढाईतील गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड महंमद ही कंपनी स्थापन झाली, तिचेच नाव १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाले. या कंपनीने १९४७ साली विलिस जीपचे सुटे भाग आणवून मुंबईत जोडण्यास आरंभ केला. उंच नाकाची जी सीजे-३बी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे ती विलिसने १९५३ साली बाजारात आणली आणि पुढे कित्येक वर्षे ती आपल्या देशात तयार होत राहिली. आमचे विवेचन मुख्यतः या जातीच्या गाड्यांना धरून आहे. पुढच्या काळातील मॉडेलांत तपशिलाचा फरक पडेल, तत्त्व तेच.

आता सांधा कशासाठी, ते पाहू. इंजिन, गिअरबॉक्स आणि तिच्या पाठीशी असलेली ट्रान्स्फर केस ही तिन्ही चौकटीला पक्की बसविलेली असतात. चाकांचे अक्ष मात्र कमानींच्या पाट्यांवर खालीवर होतात. खड्डा आला की अक्ष खाली जातो, दगड आला की वर येतो. या हलत्या अक्षापर्यंत इंजिनाची शक्ती नेणारी जी लोखंडी नळी, तीच प्रोपेलर शाफ्ट. तिला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत, फिरता फिरता वाकणे आणि फिरता फिरता लांबी कमीजास्त करणे. वाकण्यासाठी दोन्ही टोकांस एकेक क्रॉस असतो, आणि लांबीसाठी एक स्लिप जॉइंट, म्हणजे दातेरी दांडीवर पुढेमागे सरकणारी दातेरी नळी. जीपमध्ये पुढे एक आणि मागे एक असे दोन शाफ्ट आहेत, म्हणजे एकंदर चार क्रॉस आणि दोन स्लिप जॉइंट झाले.

क्रॉस हा नावाप्रमाणे अधिकाच्या चिन्हासारखा असतो. त्याच्या चार भुजांवर चार टोप्या बसतात, आणि टोपी व भुजा यांच्यामध्ये सुईसारखे बारीक पोलादी रूळ उभे रचलेले असतात. कारागीर त्यांना सुयाच म्हणतात. समोरासमोरच्या दोन टोप्या एका बेचक्यात, उरलेल्या दोन दुसऱ्या बेचक्यात, अशी ही रचना. कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्डानो याच्या नावाने युरोपात हा सांधा ओळखला जातो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याच्या गतीचा विचार केला, आणि मोटारीत तो रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरला देतात. त्याचे पेटंट १९०३ सालचे.

या सांध्याला एक खोड आहे, आणि ती कळल्याशिवाय पुढची खबरदारी समजणार नाही. सांधा वाकलेला असताना अलीकडची दांडी एकसारख्या गतीने फिरली तरी पलीकडची तशी फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या घरात असतो. २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो आणि ३० अंशांना पंधराच्या आसपास. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा झटका उलट दिशेने देऊन पहिल्याचा दोष पुसून टाकतो, पण केव्हा? शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. म्हणून स्लिप जॉइंटवर दोन बाण कोरलेले असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत. कित्येक ठिकाणी शाफ्ट उघडला जातो, धुतला जातो आणि बाण न पाहता एकदोन दाते चुकवून परत बसविला जातो. मग गाडी एका ठराविक वेगाला थरथरू लागते, मालक टायर बदलतो, चाके तोलून घेतो, पैसे खर्च होतात आणि थरथर कायम राहते. बाण झिजून गेले असतील तर उघडण्यापूर्वी छिन्नीने किंवा रंगाने खूण करून ठेवावी. एवढी खूण केली की काम झाले.

क्रॉस मरतो तो कशाने? पुष्कळांना वाटते ओझ्याने. आमचे मत असे की आपल्या भागात तो पाण्याने मरतो. पावसाळ्यात गोदावरीच्या आणि प्राणहितेच्या खोऱ्यातील लहानमोठे ओढे चाकाच्या अर्ध्यापर्यंत चढतात, आणि जीप असली की माणसाला त्यात घालण्याचा मोह होतोच. टोपीच्या तोंडाशी असलेले सील जुने झाले असेल तर पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि चार दिवसांत सुयांवर गंज चढतो. गंजाची पूड हीच मग सुया घासू लागते. उन्हाळ्यात याच्या जोडीला धूळ. बेल्लमपल्ली, मंदमर्रीकडच्या कोळशाच्या रस्त्यांवरची काळी बारीक धूळ ग्रीसला चिकटली की तिचे घासलेपन तयार होते. काळ्या कापसाच्या जमिनीतील चिखलाची आणखी निराळी तऱ्हा. तो शाफ्टला थरांनी चिकटतो आणि वाळतो. त्यायोगे शाफ्टचा तोल जातो, आणि ग्रीसचे निपल त्याखाली असे गडप होते की नवख्याला ते तेथे आहे याचा पत्ताही लागू नये. चिखलातून आलेली गाडी वरून चकचकीत धुणारे पुष्कळ आहेत. पाण्याचे दोन फवारे खाली शाफ्टवर मारणारा विरळा.

म्हणून वंगणाचा नेम किलोमीटरवर बांधावा तसा पाण्यावरही बांधावा. सर्वसाधारण वापरात हजार-दीड हजार किलोमीटरला एकदा ग्रीस द्यावे. गाडी थोडी चालत असेल तरी महिन्यातून एकदा. आणि सांधे पाण्यात बुडाले असतील त्या दिवशी, किलोमीटर न मोजता, घरी आल्याबरोबर. नवे ग्रीस आत गेले की ते जुन्याला आणि त्यातील पाण्याला बाहेर लोटते, हाच त्यातील हेतू. पाणी रात्रभर आत राहू दिले तर दुसऱ्या दिवशीच्या ग्रीसने गंज निघत नाही.

आता गाडीखाली शिरण्यापूर्वी एक गोष्ट. या लेखातील इतर काही विसरले तरी चालेल, पण ही विसरू नये. या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नाही. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टच्या मुळाशी बसविलेला आहे. म्हणजे हातब्रेक शाफ्टला धरतो, शाफ्ट क्रॉसमार्फत डिफरन्शलला धरतो आणि डिफरन्शल चाकांना. या साखळीतील एक दुवा निघाला की ब्रेक असून नसल्यासारखा. मागचा शाफ्ट खोलला की हातब्रेक ओढलेला असूनही मागची चाके मोकळी होतात, आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीही साध्या टू-व्हीलमध्ये तशीच मोकळी. याहून फसवी गोष्ट अशी की शाफ्ट जागेवर असताना नुसते एक मागचे चाक जॅकवर उचलले तरी हातब्रेक निकामी होतो. डिफरन्शलचा धर्मच असा आहे की उचललेले चाक उलटे फिरू शकते, आणि तेवढ्याने जमिनीवरचे चाक सुलटे फिरून गाडी चालू लागते. खाली माणूस असेल तर काय होईल याची कल्पना करावी. सबब सपाट जागा पाहावी, इंजिन बंद करावे आणि चाकांच्या पुढेमागे लाकडाचे ठोकळे किंवा चांगले मोठे दगड लावावेत. हातब्रेकवर आणि गिअरवर विसंबून कोणीही, विशेषतः घरच्या मुलांनी, गाडीखाली जाऊ नये. जीपच्या उंचीमुळे जॅकची गरजही सहसा पडत नाही, आडवे पडून हात पोचतो.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. उतारावर मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला तर इंजिनाचा रोध आणि हातब्रेक ही दोन्ही साधने एकाच क्षणी जातात, उरतो फक्त पायब्रेक. शिवाय शाफ्टचे पुढचे टोक सुटून जमिनीत रुतले तर धावती गाडी त्यावर उचलली जाते. तेव्हा क्रॉसला ग्रीस देणे हे ब्रेक तपासण्याइतकेच जोखमीचे काम समजावे.

प्रत्यक्ष कृती दहा मिनिटांची आहे. रॉकेल लावलेल्या चिंधीने निपल स्वच्छ पुसावे. हे टाळले तर तोंडाशी बसलेली वाळू आपणच ग्रीसगनने आत ढकलतो. निपल वरच्या बाजूला गेले असेल तर गाडी थोडी ढकलून ते खाली आणावे आणि ठोकळे पुन्हा लावावेत. मग ग्रीसगन नीट बसवून हळूहळू दाब द्यावा. पुष्कळ क्रॉसांत नवे ग्रीस चारही टोप्यांच्या तोंडाशी डोकावले पाहिजे, तेव्हा काम पुरे झाले. आधी काळे किंवा तांबूस येईल, त्यामागून स्वच्छ येईल. तीन टोप्यांतून आले आणि चौथीतून आले नाही तर समाधान मानू नये, कारण सांधा जाणार तो त्या चौथीमुळे. शाफ्ट हाताने थोडा हलवून पुन्हा दाब द्यावा. तरीही न आले तर त्या टोपीचे यू-बोल्ट किंचित सैल करून पाहावे आणि मागाहून ते नीट आवळावे. काही जुन्या क्रॉसांना मध्ये दाब सोडणारी लहान झडप असते, तेथे ग्रीस झडपेतून बाहेर येते, टोप्यांतून नव्हे. हाताच्या ग्रीसगननेच हे काम करावे. गॅरेजमधील हवेच्या दाबाची गन झटपट काम करते, पण बेसावधपणे वापरली तर सील उलटून टाकते. निपल ग्रीस घेतच नसेल तर ते बदलावे. अशा दोनचार निपलांसाठी क्रॉस गमावणे म्हणजे खिळ्यासाठी घोडा गमावण्यापैकी आहे. बाजारात बिननिपलाचे, कायमचे बंद केलेले क्रॉसही मिळतात. डांबरी रस्त्याच्या गाडीला ते पुष्कळ. ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या जीपला मात्र निपलवालाच घ्यावा.

स्लिप जॉइंटलाही स्वतंत्र निपल असते, ते कित्येकदा राहून जाते. येथे उलट चूक होते, म्हणजे अति देण्याची. दात्यांच्या मागची पोकळी ग्रीसने ठासून भरली तर शाफ्टला आखडण्यास जागा उरत नाही, आणि पहिल्याच खड्ड्यात तो ट्रान्स्फर केसच्या बेअरिंगवर धक्का देतो. दोनतीन दाब पुरेत.

ग्रीस कोणते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल, आणि साबण कोणता यावर त्याचा स्वभाव ठरतो. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेने पातळ होते. सोड्याच्या साबणाचे उष्णता सोसते, पण पाण्यात विरघळते. लिथियमच्या साबणाचे ग्रीस दोन्ही बाजू बऱ्यापैकी सांभाळते. त्याचे पेटंट १९४२ सालचे, आणि आज बहुतेक दुकानांत तेच मिळते. क्रॉसला २ नंबरचे, जास्त दाब सोसणारे लिथियम ग्रीस वापरावे. डब्यावर ईपी ही अक्षरे पाहून घ्यावीत. स्लिप जॉइंटला मॉलिब्डेनम मिसळलेले काळसर ग्रीस चालते. निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकत्र करू नयेत, काही एकमेकांशी जमत नाहीत आणि पातळ होऊन गळून जातात. एक जात धरावी आणि तीच चालवावी. डब्यावर झाकण ठेवावे हे सांगणे नको, पण उघडे डबे आम्ही इतके पाहिले आहेत की सांगतो.

पुढच्या अक्षाचे प्रकरण थोडे निराळे आहे. पुढची चाके वळवावी लागतात, आणि वळताना सांध्याचा कोन ३० अंशांच्या जवळ जातो. तेथे साध्या क्रॉसची ती खोड सर्वांत जास्त जाणवते, आणि ती पुसून टाकणारा दुसरा क्रॉस तेथे नसतो. म्हणून कित्येक जीपांत तेथे पोलादी गोळ्यांचा, एकसारख्या गतीने फिरणारा सांधा घातलेला असतो, काहींत मात्र क्रॉसच असतो. जुन्या गाड्यांत हा सांधा चाकाजवळच्या गोल लोखंडी कवचात बंद असतो, त्याला निपल दिसत नाही. कवचाला बूच असते, तेथून पुस्तकात सांगितलेले वंगण भरावयाचे. आतले सील गेले तर डिफरन्शलचे तेल या कवचात येऊन ग्रीस पातळ होते आणि नमद्यातून बाहेर झिरपते. टायरच्या आतल्या अंगास तेलाचा ओघळ दिसला तर ही शंका घ्यावी, कारण तेच तेल ब्रेकच्या ड्रमातही पोचू शकते. वर्षातून एकदा हा भाग उघडून, धुऊन, नवे वंगण भरावे. आमच्या मते मृगापूर्वी हे काम झाले असावे, आणि पाऊस संपल्यावर पुन्हा तपासावे. खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतोच, त्याच्या आदल्या दिवशी ग्रीसगन हाती घेतली म्हणजे मुहूर्त साधतो. चाकांना मोकळे करणारे हब बसविले असतील तर महिन्यातून थोडा वेळ ते जोडून कच्च्या रस्त्याने गाडी चालवावी, म्हणजे आतले वंगण सर्वत्र फिरते.

कच्च्या रस्त्याने, हे मुद्दाम म्हटले. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक मोकळा होतो, डांबरी सडकेवर ते घसरत नाहीत आणि सारा पीळ शाफ्टांवर व क्रॉसांवर येतो. ओढा ओलांडला, सडक लागली की फोर-व्हीलचा दांडा काढावा. लिव्हर निघेनासा झाला तर हा पीळ बसला आहे असे समजावे. गाडी थोडी मागे घेतली की तो सुटतो.

सांधा बिघडू लागल्याची लक्षणे तीनचार आहेत. सावकाश चालताना लयीत येणारी चिवचिव हे पहिले. टोपीच्या कडेला विटकरी पूड दिसली म्हणजे आतले ग्रीस संपले. गाडी सुटताना किंवा पुढच्या गिअरमधून मागच्यात घालताना ठक असा आवाज आला तर झीज झाली. ठोकळे लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉस आणि बेचके यांच्यामध्ये जराही खेळ असता कामा नये. डिफरन्शलच्या दात्यांत थोडा खेळ असतोच, त्याची आणि याची गल्लत करू नये. चिवचिव ऐकू आली त्याच दिवशी ग्रीस दिले तर कधीकधी सांधा वाचतो. ठक ऐकू आल्यावर ग्रीस देणे व्यर्थ, क्रॉस बदलावाच.

क्रॉस बदलणे कुशल हाताचे काम आहे, पण पाहणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. नवी टोपी बसविताना एखादी सुई आडवी पडून तळाशी राहते, मग टोपी पूर्ण आत जात नाही आणि तिचे लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडा न मारता टोपी बाहेर काढून सुया पुन्हा रचाव्यात. बसविलेला क्रॉस हाताने चारही बाजूंना सहज वाकला पाहिजे. जड वाटला तर बेचक्यावर हलके ठोकून तो मोकळा करावा. जुना क्रॉस टाकून देण्यापूर्वी त्याच्या भुजेवरून नख फिरवून पाहावे, सुयांच्या रेघा नखाला लागतात. आमच्या मते घरातील मुलांना ती भुजा एकदा हातात द्यावी. यू-बोल्टचे नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत आणि शेदोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. ताबडतोब मिळेल म्हणून भरवसा न ठेवता एक नवा क्रॉस, चार लॉक आणि दोन निपले गाडीच्या पेटीत ग्रीसच्या चिंधीत गुंडाळून ठेवावीत. मागच्या शाफ्टचा आणि पुढच्याचा क्रॉस एकच लागतो की निराळा, हे आपल्या गाडीवर मोजून तसे पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावे.